माणसाच्या गरजा आणि आपला 'साहेब'

सरकारी किंवा निमसरकारी कार्यालयात थोडीफार वरची जागा मिळाली की अधिकाऱ्याला प्रशिक्षणाला पाठविले जाते. दोन दिवस चांगले जेवण, एक फाईल, एक पेन आणि शेवटी प्रमाणपत्र! मीही असाच एकदा गेलो होतो. 'नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांची प्रेरणा' असा विषय होता. शिकविणाऱ्या गृहस्थांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि त्याचे आडवे पाच भाग केले. सर्वांत खाली भूक, तहान, झोप. त्यावर सुरक्षितता. मग आपुलकी, त्यावर मानसन्मान आणि अगदी टोकाला स्वतःमधील गुणांचा पूर्ण विकास. खालची पायरी भागल्याशिवाय माणूस वरच्या पायरीचा विचार करीत नाही, असा सिद्धान्त त्यांनी सांगितला. मग ते म्हणाले, "तुमचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी खालच्या दोन पायऱ्यांवर असतात. त्यांना पगार आणि ओव्हरटाईम द्या, काम होईल. मानसन्मान वगैरे तुमच्या-आमच्यासाठी."

सभागृहात हशा पिकला. आम्ही सर्वांनी हे वहीत उतरवून घेतले. मीही घेतले. माझा बाप सफाई खात्यात होता, ही गोष्ट त्या क्षणी मला आठवली नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. पण लिहायला हवे.

तो त्रिकोण अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या नावावर जगभर खपविला जातो. रशियातून अमेरिकेत आलेल्या गरीब ज्यू आईबापांचा हा मुलगा. १९४३ साली 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याने मानवी प्रेरणेवर एक लेख लिहिला. पुढे कधीतरी तो लेख मी मिळवून वाचला आणि चकित झालो. त्यात त्रिकोण कुठेही नाही! तो नंतर व्यवस्थापनाच्या धंद्यातील मंडळींनी काढला. मास्लो तर स्पष्ट सांगतो, की एक गरज शंभर टक्के भागली म्हणजेच दुसरी जागी होते, असे समजू नका. त्याने उदाहरणादाखल आकडेही दिले आहेत. सामान्य माणसाची शारीरिक गरज ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, आपुलकीची ५०, सन्मानाची ४० आणि आत्मविकासाची १० टक्के. म्हणजे पाचही गरजा एकाच वेळी, एकाच माणसात, अर्धवट भागलेल्या अवस्थेत जाग्या असतात. माणसाच्या एकेका कृतीमागे अनेक गरजा असतात, असेही तो म्हणतो. आमच्या प्रशिक्षकाने हे सारे गाळून टाकले आणि माणसांचीच प्रतवारी लावली. खालच्या पायरीची माणसे वेगळी आणि वरच्या पायरीची वेगळी. ही विद्या आपल्या देशाला नवीन नाही. फक्त या वेळी ती अमेरिकेचे लेबल लावून आली!

मास्लोचा लेख छापून आला त्या १९४३ साली इकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. जुलै १९४२ ते जून १९४६ ही चार वर्षे हे खाते त्यांच्याकडे होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणीत उतरून मजुरांचे काम पाहून आले. त्यानंतरच्या काळात खाण मजुरांसाठी कल्याण निधी आला, कारखान्यातील कामगाराला पगारी सुटी आली आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ४८ वर आले. त्याआधी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी आईच्या विश्रांतीचा प्रश्न मांडला होताच. हे सारे मास्लोच्या लेखाची वाट न पाहता झाले. कारण कामाच्या ठिकाणी माणसाची मूलभूत गरज नाकारली म्हणजे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ते १९१७ साली बडोद्याला शिकले होते.

बडोद्याची कहाणी आपल्या वाचकांना ठाऊक आहे. जयंतीच्या भाषणात आपण ती दरवर्षी ऐकतो. पण या खेपेला ती कामाच्या जागेची कहाणी म्हणून, एखादा अधिकारी कार्यालयाची तपासणी करतो त्या नजरेने पाहू या.

नोकरीवर हजर होणारा तरुण २६ वर्षांचा. कोलंबिया विद्यापीठाचा एम.ए., लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून करार पाळण्यासाठी आलेला. त्याच्या शिक्षणावर संस्थानाने पैसा खर्च केलेला. महाराज सयाजीराव त्याच्याबद्दल चांगले मत असलेले. त्याला लष्करी सचिव म्हणून नेमलेले. म्हणजे पगार आहे, हुद्दा आहे आणि वरचा धनी अनुकूल आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकाप्रमाणे पाहिले तर या माणसाला काम करण्याची प्रेरणा कमी पडण्याचे कारणच नाही. प्रत्यक्षात काय झाले? राहायला जागा नाही. हिंदू खानावळ घेणार नाही, म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजाने माडीवरची एक खोली. तिथे अडगळीचे सामान, मिणमिणता कंदील आणि रात्री वटवाघळांची फडफड. बोलायला माणूस नाही. कार्यालयात शिपाई हातात फाईल देत नाही, लांबून टेबलावर फेकतो. प्यायला पाणी मिळत नाही. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगतात. दोन स्नेह्यांकडे विचारून झाले. एक हिंदू, तो म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला, त्यानेही घरची अडचण पुढे केली. शेवटी रात्री नऊच्या गाडीपर्यंतचे सुमारे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले आणि मुंबई गाठली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. पारशी धर्मशाळेचा प्रसंग आठवला की आजही डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी अठरा वर्षांनंतर नोंदविले.

आता त्रिकोण समोर ठेवा. या अकरा दिवसांत कोणती पायरी कोसळली? पाणी नाही, निवारा नाही म्हणून खालची पायरी? काठ्या घेऊन माणसे आली म्हणून दुसरी? मित्रांनी दार लावले म्हणून तिसरी? फाईल फेकली म्हणून चौथी? की अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान कामाविना परत गेला म्हणून पाचवी? पाचही एकाच फटक्यात गेल्या! आणि त्या पाडल्या कोणी? महाराजांनी नव्हे. त्या शिपायाने, कारकुनाने, खोली देणाऱ्याने आणि न देणाऱ्याने. वरचा नेता सज्जन असून भागत नाही. पाण्याचा माठ ज्याच्या ताब्यात आहे तो कसा वागतो, यावर कामाची जागा ठरते. आणि त्या माठापर्यंत वरच्याची नजर पोचत नसेल, तर त्याच्या सज्जनपणाचा खालच्या माणसाला काडीचाही उपयोग नाही. समजा, त्या कार्यालयात वार्षिक गोपनीय अहवाल लिहायची पद्धत असती, तर साहेबाने काय शेरा मारला असता? 'कामात रस नाही. न कळविता गैरहजर.'

पुढच्याच वर्षी, १९१८ च्या नोव्हेंबरात, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी घेण्यावर काही सहकाऱ्यांची हरकत होतीच. पदव्या वाढल्या, हुद्दा वाढला, पण माठ तोच!

गिरणीतही तेच होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर सूत तुटले की धोट्याच्या छिद्रातून ते तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि मागण्यांत तो घालायला लावला. जगातील कामगारांनी एक व्हावे असे म्हणणाऱ्यांना एका धोट्यावर एक होता येत नव्हते. इथेही पगाराचा प्रश्न कुठे संपतो आणि सन्मानाचा कुठे सुरू होतो, ते दाखवा बघू. ओठ नाकारले म्हणूनच पगार कमी मिळाला ना?

याच कारणाने मला महाडचा सत्याग्रह हा प्रेरणेच्या शास्त्रातला सर्वांत मोठा धडा वाटतो. २० मार्च १९२७ रोजी आपले लोक चवदार तळ्यावर गेले ते काही तहानेने मरत होते म्हणून नव्हे. त्या पाण्यावाचून आजवर जगलो तसे पुढेही जगू, आपण माणसे आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचे आहे, असा बाबासाहेबांच्या पुढे डिसेंबरातील भाषणाचा आशय होता. पाणी ही शरीराची गरज आणि मान ही मनाची, ही वाटणी ज्याला पाणी कधी कुणी नाकारले नाही त्याला सुचते. ज्याला ओंजळीत वरून ओतून पाणी पाजले गेले आहे, त्याच्या घशाखाली पाणी आणि अपमान एकत्रच उतरतो.

व्यवस्थापनशास्त्रातील इतर मोठ्या नावांकडे मी फार वेळ घालवत नाही. एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांवरून सांगितले, की कामगाराकडे लक्ष दिले, त्याला विचारले तर तो अधिक काम करतो. त्या प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाले. डग्लस मॅक्ग्रेगरने १९६० साली साहेबांचे दोन प्रकार केले. कामगार मुळात आळशी असतो असे मानणारा एक, आणि योग्य वातावरण मिळाले तर तो आपणहून जबाबदारी घेतो असे मानणारा दुसरा. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ च्या पुस्तकात म्हटले, की पगार, जागा, सोयी यांनी प्रेरणा निर्माण होत नाही, पण त्या नसल्या तर असंतोष मात्र नक्की होतो. या गोष्टींना त्याने 'हायजीन फॅक्टर' असे नाव दिले. हायजीन म्हणजे आरोग्याची स्वच्छता! पण ते पुस्तक त्याने पिट्सबर्गच्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनीस मंडळींच्या मुलाखतींवर लिहिले. त्यांच्या कारखान्यातले हायजीन रोज सकाळी झाडू मारून जो राखत होता, त्याला त्या वेळी कोणी विचारले नव्हते.

आता आपल्या घरात येतो. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्या लोकांबद्दल जी वेदना व्यक्त केली, ती आपण सगळे सांगतो. सांगताना मात्र ते शिकलेले लोक म्हणजे दुसरे कोणीतरी, असा आपला सूर असतो. राखीव जागांमुळे आपल्यापैकी हजारो जण कार्यालयात खुर्चीवर बसले. रोस्टरसाठी, बॅकलॉगसाठी, बढतीसाठी आपण लढलो आणि ते योग्यच होते. पण खुर्चीवर बसल्यावर आपल्या हाताखाली जो माणूस आला, त्याच्याशी आपण बडोद्याच्या शिपायासारखे वागलो, की त्या शिपायाने ज्याच्याकडे फाईल फेकली त्याची आठवण ठेवून?

माझे सांगतो. मी एका कार्यालयात शाखाप्रमुख होतो. नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी कार्यालये गल्लोगल्ली आहेत. माझ्या केबिनमध्ये बाबासाहेबांची तसबीर होती. १४ एप्रिलला मी कर्मचारी संघटनेच्या कार्यक्रमात बडोद्याच्या प्रसंगावर बोलत असे आणि लोक रडत. कार्यालयाची सफाई कंत्राटावर गेली होती. चार बायका यायच्या. सकाळी साडेसातला येऊन दुपारी साडेतीनला जायच्या. त्यांना आम्ही सगळे 'मावशी' म्हणत होतो. चाळिशीच्या बाईला पंचावन्नचा साहेब मावशी म्हणतो, ही आपल्या कार्यालयांतील एक गंमतच आहे. नाते जोडायचे, पण नाव विचारायचे नाही.

त्यांच्यापैकी एक बाई मधूनमधून दोन-दोन दिवस येत नसे. कंत्राटदाराचा सुपरवायझर माझ्याकडे तक्रार घेऊन आला. मी लेखी कळविले, की संबंधित महिला कामगार कामचुकार असून तिच्या गैरहजेरीचे पैसे कापावेत. 'कामचुकार' हा शब्द माझा. ती बाई दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"साहेब, जयभीम."

"जयभीम. काय मावशी, खाडे फार होतात तुमचे."

"लघवीला जळजळ व्हती, साहेब. ताप येतो. डाक्टर म्हणले पाणी जास्त प्या."

"मग प्या ना पाणी. त्याला काय अडचण?"

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाणी पिल्यावर जायचं कुठं, साहेब?"

मला खरोखर कळले नाही. आमच्या मजल्यावर तीन स्वच्छतागृहे होती आणि तिन्ही तीच धूत होती. मग तिनेच सांगितले. अधिकाऱ्यांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असते. महिला कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाची चावी एका बाईंच्या ड्रॉवरमध्ये असते. सकाळी धुवायला चावी मिळते, धुऊन झाले की परत द्यावी लागते. एकदा एकीने वापरले तर बराच गहजब झाला होता. तेव्हापासून या चौघी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत आणि दुपारी घरी जाऊनच पितात. आठ तास! धुणारी तीच आणि तिलाच आत जायला मज्जाव.

मी उठून पॅन्ट्रीत गेलो. तिथे चहाचे कप टांगलेले होते. खिडकीत, बाहेरच्या बाजूला, एक स्टीलचा ग्लास पालथा ठेवलेला होता. काठाला खिळ्याने ओरखडा काढून खूण केलेली. "हा कुणाचा?" असे मी पॅन्ट्रीतल्या मुलाला विचारले. "मावशींचा," तो सहज म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हते. मी त्या पॅन्ट्रीतला चहा चार वर्षे पीत होतो. त्या चार वर्षांत चार वेळा मी बडोद्याचे पाणी सांगून लोकांना रडविले होते. माझ्या खिडकीतला ग्लास मला दिसला नव्हता!

बाई कामचुकार नव्हती. तिला पाणी पिण्याची भीती होती. आणि त्या आजाराचे पैसे मी तिच्याच मजुरीतून कापायला सांगितले होते. कापलेले पैसे परत देण्याचे पत्र मी काढले. चावी दाराजवळच्या खुंटीला लावायची, असे लेखी आदेश दिले. ग्लास काढून टाकला. यावर काय झाले? उघड कोणी काही बोलले नाही. दोन-तीन जणांनी घरून आपापले कप आणायला सुरुवात केली, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, तेही आपल्यापैकीच, मला बाजूला घेऊन सांगितले, "सर, अशाने ऑफिसात आपली जात उघडी पडते." या वाक्यावर एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

दोनेक महिन्यांनी त्याच बाईने आपणहून येऊन सांगितले, की रेकॉर्ड रूमच्या भिंतीतून पाणी झिरपते, आतले रॅक खालून कुजले आहेत. पाहिले तर खरेच. जुन्या सेवापुस्तकांचे गठ्ठे भिजत चालले होते. "कधीपासून आहे हे?" "दोन वरसं झाली असतील." "मग सांगितलं का नाही?" ती हसली. "कुणाला सांगायचं, साहेब?" प्रशिक्षणाच्या त्या दोन दिवसांत जे कळले नाही, ते या एका प्रश्नात कळले. दोन वर्षे तिला माहीत होते, रोज दिसत होते, आणि सांगायची तिला गरज वाटत नव्हती. का वाटावी? जे कार्यालय तिला आपल्या कपाला हात लावू देत नाही, त्याच्या कागदांची चिंता तिने का करावी?

हा माझ्या एकट्याच्या कार्यालयाचा प्रश्न नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. राज्य सरकारने समिती नेमली. त्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडावर शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुटी नाही. एक दिवस खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापतो. उचल घेतलेली, ती फिटल्याशिवाय सुटका नाही. अशा वेळी दुखणे परवडत नाही, म्हणून अवयवच काढून टाकायचा! मुकादमाच्या हिशेबात मात्र एक कोयता खाडा न करता राबला, एवढीच नोंद.

केरळात कपड्यांच्या दुकानांतील विक्रेत्या महिलांना दिवसभर उभे राहावे लागे. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, आणि लघवीला जायचे तर हॉटेल शोधायचे. कोळिकोडच्या 'पेनकूट्टू' या संघटनेच्या महिलांनी अनेक वर्षे लढून हा प्रश्न लावून धरला आणि २०१८ मध्ये तिथे कायद्यात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसा कायदा केला. एक स्टूल मिळविण्यासाठी कायदा करावा लागतो, अशी ही आपल्या मालकशाहीची अक्कल!

आणि गटारात उतरणाऱ्याबद्दल काय बोलावे? हाताने मैला साफ करण्यावर १९९३ साली कायदा झाला, मग २०१३ साली दुसरा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख झाली. म्हणजे मधल्या काळात मरणे थांबले नाही, मोबदला वाढला. कंत्राटदार त्यांना आत पाठवितो. पण कंत्राटाच्या फाईलवर सही कुणाची असते? त्या सह्यांमध्ये आपल्या किती जणांच्या सह्या आहेत?

'कंत्राटी आहेत, आपला संबंध नाही,' हे वाक्य मी स्वतः अनेकदा वापरले आहे. ते कायद्याने खोटे आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होते, की पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा या सोयी कंत्राटदाराने दिल्या नाहीत तर त्या मुख्य मालकाने द्याव्यात. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कायद्यांच्या जागी श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल कामगार संघटनांच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पण कंत्राटी कामगारांना उपाहारगृह, विश्रांतीची खोली, पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार देण्याची जबाबदारी नव्या संहितेत थेट मुख्य मालकावर टाकली आहे, हे आपल्या अधिकारी बांधवांनी वाचून ठेवावे. माणसे कमी आहेत म्हणून कलम लागू होत नाही, असा शोध लावणारे कारकून आपल्याकडे खूप आहेत. चार बायकांसाठी एक चावी खुंटीला लावायला कोणते कलम लागते?

भगवान बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारपणात शुश्रूषा करावी. विशेष गोडधोड असेल ते वाटून खावे. वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी वाचा आणि आपल्या कार्यालयाला लावून पाहा. चौथ्या कर्तव्यापाशी मी नेहमी थांबतो. कार्यालयात कुणाची बढती झाली की पेढे येतात. त्यातला पेढा झाडूवाल्या बाईच्या हातावर पडतो की सगळे गेल्यावर रिकामा बॉक्स तिला उचलावा लागतो? पेढ्याने भूक भागत नाही. पण आनंदात आपली गणती आहे की नाही, ते त्या पेढ्यावरून तिला कळते.

आळवीच्या शेतकऱ्याची गोष्टही अट्ठकथेत आहे. बुद्ध आळवी नगरात आले. एका गरीब शेतकऱ्याला त्यांचे प्रवचन ऐकायचे होते, पण त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात दिवस गेला आणि तो उपाशीपोटी धावत आला. सारी सभा खोळंबलेली. बुद्धाने उपदेश सुरू केला नाही. आधी त्या माणसाला जेवायला वाढायला सांगितले आणि तो शांत झाल्यावरच बोलायला सुरुवात केली. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, की तथागत एका माणसाच्या जेवणाची चौकशी करतात! भुकेसारखा रोग नाही, हे त्या वेळी त्यांनी सांगितले. आपण मात्र ही गोष्ट अन्नदानाच्या कार्यक्रमात सांगतो. मला वाटते ती कार्यालयात सांगायची आहे. बुद्धाने त्याला नुसते अन्न दिले नाही. त्याच्यासाठी सभा थांबविली, सगळ्यांच्या देखत, आणि मग जे ज्ञान इतरांना तेच त्याला. भूक, मान आणि बुद्धी, तिन्हींची दखल एकाच बैठकीत घेतली. तू अजून खालच्या पायरीवर आहेस, तुला जेवणच पुरे, असे म्हटले नाही.

निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. मध्यंतरी निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी त्याच कार्यालयात जावे लागले. कंत्राटदार बदलला होता, बायका नव्या होत्या. माझ्या खुर्चीवर आता आपलाच एक तरुण मुलगा आहे. हुशार, वाचणारा, संघटनेत काम करणारा. बाबासाहेबांची तसबीरही आता मोठी लावली आहे. त्याने आग्रहाने बसविले, चहा मागविला. पॅन्ट्रीचे दार उघडेच होते. खिडकीत, बाहेरच्या बाजूला, एक ग्लास पालथा ठेवलेला दिसला.

"हा ग्लास कुणाचा?" मी विचारले.

"तो ना? मावशींचा, सर."

बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे पाहिले, मग ग्लासाकडे. मग शिपायाला हाक मारून त्याने विचारले, की महिलांच्या स्वच्छतागृहाची चावी कुठे असते. शिपायालाही माहीत नव्हते. आम्ही तिघे शोधायला निघालो.